टॅम ओ'शँटरची जागतिक गोल्फ स्पर्धा (१९४६–१९५७): पैसा, कॅमेरा आणि प्रवेशाचा प्रश्न

१. आधी एक तक्ता

विद्यार्थी मित्रहो, इतिहासाचा हा पाठ आपण आकड्यांपासून सुरू करू. अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फमध्ये दरवर्षी कोणत्या खेळाडूने बक्षिसांतून सर्वांत जास्त कमाई केली, याची यादी ठेवली जाते. त्या यादीतील सहा वर्षे पुढे दिली आहेत. आकडे डॉलरमध्ये आहेत.

१९५२ – ज्युलियस बोरोस – ३७,०३२
१९५३ – ल्यू वर्शम – ३४,००२
१९५४ – बॉब टॉस्की – ६५,८१९
१९५५ – ज्युलियस बोरोस – ६३,१२१
१९५६ – टेड क्रोल – ७२,८३५
१९५७ – डिक मेयर – ६५,८३५

आता याच्या पुढच्या वर्षाचा आकडा पाहा. १९५८ मध्ये पहिला क्रमांक अर्नोल्ड पामर यांचा होता आणि त्यांची कमाई होती ४२,६०७ डॉलर. पामर हे पुढे अमेरिकन गोल्फचे सर्वांत लोकप्रिय खेळाडू झाले. तरीही त्यांचा हा आकडा आदल्या वर्षीच्या आकड्यापेक्षा २३,००० डॉलरहून अधिक कमी आहे. खेळ तर वाढत होता, प्रेक्षक वाढत होते. मग आलेख एकदम खाली का आला?

प्रयोगशाळेत असा आलेख मिळाला, तर आपण प्रथम उपकरण तपासतो. इथेही तेच करायचे आहे. वरच्या सहाही वर्षांत पहिला आलेला खेळाडू एका विशिष्ट स्पर्धेचा विजेता होता. शिकागोजवळच्या टॅम ओ'शँटर कंट्री क्लबवर होणाऱ्या त्या स्पर्धेचे नाव 'वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑफ गोल्फ'. तिचे पहिले बक्षीस १९५२ व १९५३ मध्ये २५,००० डॉलर आणि १९५४ पासून ५०,००० डॉलर होते. ते वजा करून बघा. वर्शम यांच्याकडे वर्षभराचे ९,००२ डॉलर उरतात, टॉस्की यांच्याकडे १५,८१९, बोरोस यांच्याकडे १९५५ साली १३,१२१. सहाही वर्षांत पहिल्या खेळाडूच्या कमाईचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग या एकाच आठवड्यातून आलेला आहे. १९५७ नंतर स्पर्धा बंद पडली आणि आलेख खाली आला.

ही स्पर्धा कोणी सुरू केली, ती कशी चालली, का संपली आणि तिच्यामागे काय उरले, हे या पाठात पाहायचे आहे. पाठाच्या शेवटी एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवणार आहे: एखादी संस्था टिकली म्हणजे ती चांगली होती आणि बंद पडली म्हणजे ती कमी प्रतीची होती, असे म्हणता येते का?

२. खेळाविषयी आवश्यक तेवढे

आपल्यापैकी अनेकांनी गोल्फ पाहिलेला नसेल. या पाठापुरते एवढे लक्षात ठेवा. मैदानावर १८ टप्पे असतात, त्यांना 'होल' म्हणतात. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी आखूड गवताचा गुळगुळीत भाग म्हणजे 'ग्रीन', आणि त्यात एक लहान खड्डा. चेंडू कमीत कमी फटक्यांत त्या खड्ड्यात घालायचा. एका टप्प्यासाठी चांगल्या खेळाडूला जितके फटके लागावेत अशी अपेक्षा असते, तो आकडा म्हणजे 'पार'. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर 'बर्डी', दोन कमी लागले तर 'ईगल'. मोठ्या स्पर्धेत साधारणपणे चार फेऱ्या, म्हणजे ७२ होल खेळले जातात आणि ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी तो जिंकतो.

आणखी एक गोष्ट. त्या काळातील व्यावसायिक गोल्फपटूचे मुख्य उत्पन्न बक्षिसांचे नसे. तो एखाद्या क्लबमध्ये नोकरीला असे, सभासदांना खेळ शिकवी, साहित्य विकी आणि अधूनमधून स्पर्धांना जाई. या व्यावसायिकांची संघटना म्हणजे 'पीजीए'. स्पर्धांची मालिकाही तेव्हा याच संघटनेच्या हाती होती.

३. जॉर्ज मे: सल्लागार आणि आयोजक

जॉर्ज एस. मे यांचा जन्म १८९० मध्ये इलिनॉय राज्यात झाला. तरुणपणी त्यांनी बायबलच्या प्रती विकल्या. १९२५ मध्ये त्यांनी शिकागोत स्वतःच्या नावाची व्यवसाय-सल्लागार कंपनी काढली. कारखान्यात काम कसे चालते ते पाहायचे, वेळ व श्रम कुठे वाया जातात ते शोधायचे आणि मालकाला खर्च कमी करण्याचे उपाय सुचवायचे, हा तिचा धंदा. आज आपल्या महाविद्यालयांत 'औद्योगिक अभियांत्रिकी' या नावाने जे शिकवले जाते, त्याच्याशी या कामाचे जवळचे नाते आहे.

सल्ला ही डोळ्यांना दिसणारी वस्तू नाही. साबण किंवा मोटार विकताना वस्तू दाखवता येते. सल्लागाराला मात्र स्वतःचे नाव विकावे लागते. मे यांच्या ताब्यात शिकागोच्या वायव्येस नाइल्स येथील टॅम ओ'शँटर क्लब होता. तेथे त्यांनी १९४१ मध्ये 'ऑल अमेरिकन ओपन' ही स्पर्धा सुरू केली. महायुद्धाच्या काळात अनेक स्पर्धा बंद पडल्या, ही मात्र चालू राहिली. १९४५ मध्ये बायरन नेल्सन यांनी सलग ११ स्पर्धा जिंकण्याचा विक्रम केला, त्यातील दहावी हीच. ती त्यांनी ११ फटक्यांच्या फरकाने जिंकली.

१९४६ मध्ये मे यांनी त्याच मैदानावर दुसरी स्पर्धा जोडली. तिला त्यांनी थेट 'जागतिक अजिंक्यपद' असे नाव दिले. पहिल्या वर्षी फक्त चार निमंत्रित खेळाडू, ३६ होलचा खेळ आणि विजेत्याला १०,००० डॉलर; बाकीच्यांना काही नाही. सॅम स्नीड जिंकले. पुढच्या वर्षी बेन होगन विजेते झाले. नंतर खेळाडूंची संख्या वाढली, फेऱ्या वाढल्या आणि बक्षीसही वाढत गेले.

येथे थोडे थांबा आणि नावाचा विचार करा. 'जागतिक' हे विशेषण मे यांना कोणत्याही आंतरराष्ट्रीय संस्थेने दिलेले नव्हते, ते त्यांनी स्वतःच घेतले होते. इतिहासाच्या अभ्यासात साधनाचे नाव आणि त्याची मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नेहमी तपासून पाहावे.

४. मैदानाची जत्रा

गोल्फ हा त्या काळी शांत, सभ्य आणि बऱ्याच अंशी बंदिस्त खेळ समजला जाई. मे यांनी त्याची जत्रा केली. भडक रंगांचे शर्ट घालून ते स्वतः मैदानभर हिंडत. तिकिटाचा दर त्यांनी कमी ठेवला, प्रेक्षकांना बसण्यासाठी मोठे मंच बांधले. एकदा तोंडावर मुखवटा घातलेला खेळाडूही मैदानात उतरवला. पुरुष व्यावसायिक, स्त्रिया आणि हौशी खेळाडू यांच्या स्पर्धा त्यांनी एकाच जागी भरवल्या, त्यामुळे एका तिकिटात सर्वांचा खेळ पाहता येई. अर्थात स्त्रियांची बक्षिसे पुरुषांच्या तुलनेत फारच लहान होती.

त्यांची एक सूचना विशेष गाजली: खेळाडूंनी पाठीवर क्रमांक लावावेत. क्रिकेट किंवा फुटबॉल पाहणाऱ्या तुम्हाला यात काही वावगे वाटणार नाही. शेकडो एकरांच्या मैदानावर दुरून चालत येणारा खेळाडू कोण आहे, हे नवख्या प्रेक्षकाला कसे कळणार? मे यांचा विचार प्रेक्षकाच्या बाजूने होता. खेळाडूंना मात्र तो अपमान वाटला आणि त्यांनी विरोध केला. या लहानशा भांडणात मोठा प्रश्न दडलेला आहे. मैदानावर हुकूम कोणाचा चालायचा, बक्षीस देणाऱ्याचा की खेळणाऱ्याचा?

५. ऑगस्ट १९५३: एक फटका आणि एक कॅमेरा

१९५३ मध्ये मे यांनी एबीसी या वाहिनीवरून स्पर्धेचा शेवट देशभर दाखवण्याची व्यवस्था केली. गोल्फचे अमेरिकाभर झालेले हे पहिले दूरचित्रवाणी प्रक्षेपण. आज वाहिन्या खेळ दाखवण्याच्या हक्कासाठी आयोजकाला पैसे देतात. तेव्हा उलट होते: खर्च आयोजकाने, म्हणजे मे यांनी केला. यंत्रणा अगदी साधी होती. शेवटच्या, म्हणजे अठराव्या ग्रीनमागच्या मंचावर एक कॅमेरा बसवलेला होता.

चँडलर हार्पर यांनी शेवटच्या होलवर बर्डी करून २७९ फटक्यांवर खेळ संपवला. १९५० च्या पीजीए स्पर्धेचे ते विजेते होते आणि आता ही स्पर्धाही त्यांचीच, असे दिसत होते. मैदानावर एकच प्रतिस्पर्धी उरला होता, ल्यू वर्शम. बरोबरी साधायला त्यांना शेवटच्या होलवर बर्डी हवी होती. हा होल पार चारचा. त्यांचा पहिला फटका चांगला गेला. दुसरा फटका त्यांनी शंभर यार्डांहून थोड्या अधिक अंतरावरून मारला. चेंडू ग्रीनवर पडला, घरंगळत गेला आणि सरळ खड्ड्यात शिरला. दोन फटक्यांत होल संपला, म्हणजे ईगल. वर्शम यांचे एकूण फटके २७८ झाले आणि ते एका फटक्याने जिंकले.

देशभरातील घरांत लोकांनी गोल्फ पहिल्यांदाच थेट पाहिला, तो हा. वाहिन्यांना आणि जाहिरातदारांना यापेक्षा चांगला नमुना कोण दाखवू शकला असता? पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, यूएस ओपन स्पर्धेचेही देशभर प्रक्षेपण झाले.

आता पहिल्या तक्त्याकडे परत या. १९५३ हे बेन होगन यांच्या कारकिर्दीतील सर्वश्रेष्ठ वर्ष. मास्टर्स, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन या तिन्ही स्पर्धा त्यांनी त्याच वर्षी जिंकल्या. मास्टर्सचे पहिले बक्षीस ४,००० डॉलर, यूएस ओपनचे ५,००० डॉलर आणि ब्रिटिश ओपनचे ५०० पौंड, म्हणजे त्या काळच्या दराने १,४०० डॉलर. बेरीज होते १०,४००. वर्शम यांना टॅम ओ'शँटरवर मिळालेल्या २५,००० च्या निम्म्यापेक्षाही ती कमी भरते. म्हणून त्या वर्षीच्या कमाईच्या यादीत पहिले नाव होगन यांचे नसून वर्शम यांचे आहे. वर्शम सामान्य खेळाडू होते असा याचा अर्थ नाही. १९४७ ची यूएस ओपन त्यांनी जिंकली होती. पण 'सर्वांत जास्त पैसे' आणि 'सर्वांत चांगला खेळ' ही दोन वेगळी मापे आहेत. एकच अवाढव्य आकडा बेरजेला आपल्याकडे कसा ओढून घेतो, हे संख्याशास्त्राच्या तासाला तुम्ही शिकता. त्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळते.

१९५४ मध्ये मे यांनी पहिले बक्षीस दुप्पट केले. शिवाय विजेत्याला प्रत्येकी १,००० डॉलर मानधनाच्या ५० प्रदर्शनी सामन्यांचा करार देऊ केला. त्याच वर्षी यूएस ओपनच्या विजेत्याला ६,००० डॉलर मिळाले होते. प्रदर्शनी सामने कशासाठी, हे तुमच्या लक्षात आले असेलच. विजेता जिथे जाईल तिथे मे यांच्या कंपनीचे नाव जाणार होते.

६. दरवाजा कोणासाठी उघडला

या इतिहासाची दुसरी बाजू पैशाइतकी चमकदार नाही, पण तिचे महत्त्व अधिक आहे.

पीजीएच्या नियमांत एक कलम होते: सदस्यत्व फक्त 'कॉकेशियन' वंशाच्या, म्हणजे गोऱ्या व्यावसायिकांना मिळेल. हे कलम १९६१ पर्यंत लागू होते. त्यामुळे कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडूंना बहुतेक स्पर्धांचे दरवाजे बंद असत. टॅम ओ'शँटर मात्र वेगळे होते. १९४२ पासून मे यांनी आपल्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश दिला. टेड ऱ्होड्स यांच्यासारखे व्यावसायिक तेथे खेळले, आणि मुष्टियुद्धाचे जगज्जेते जो लुई हौशी गटात उतरले.

इतरत्र काय चालले होते, तेही पाहू. १९४८ मध्ये ऱ्होड्स आणि बिल स्पिलर लॉस एंजेलिस ओपनमधील कामगिरीच्या जोरावर कॅलिफोर्नियातील रिचमंड ओपनसाठी पात्र ठरले. तरीही त्यांना खेळू दिले गेले नाही, कारण ते पीजीएचे सदस्य नव्हते. आणि सदस्य ते होऊच शकत नव्हते. त्यांनी न्यायालयात दावा लावला. भेदभाव करणार नाही असे आश्वासन पीजीएने दिल्यावर तो मागे घेण्यात आला. मग अनेक आयोजकांनी पळवाट काढली. स्पर्धेच्या नावात 'खुली' ऐवजी 'निमंत्रितांची' असा बदल केला आणि कृष्णवर्णीय खेळाडूंना निमंत्रण पाठवले नाही, म्हणजे काम झाले. १९५२ मध्ये सॅन डिएगो येथे जो लुई यांना हौशी म्हणून खेळू दिले, पण व्यावसायिक असलेल्या स्पिलर यांना पुन्हा बाहेर ठेवले.

या पार्श्वभूमीवर मे यांचे धोरण निश्चितच उदार होते. पण नीट विचार करा. टॅमवर कृष्णवर्णीय खेळाडूंना मिळालेला प्रवेश हा त्यांचा हक्क नव्हता. मालकाची तशी इच्छा होती, म्हणून तो मिळाला. मालकाने स्पर्धा बंद केली त्या दिवशी तो प्रवेशही संपला. ऱ्होड्स किंवा स्पिलर यांना त्याबद्दल कोणापुढे दाद मागता येणार नव्हती. नियम बदलावा लागला, तेव्हाच परिस्थिती बदलली. कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ता स्टॅन्ली मॉस्क यांनी कायद्याचा दबाव आणला आणि १९६१ मध्ये पीजीएने ते कलम रद्द केले. तोपर्यंत ऱ्होड्स व स्पिलर यांच्या उमेदीची वर्षे निघून गेली होती. पुढे १९६७ मध्ये चार्ली सिफर्ड यांनी ग्रेटर हार्टफर्ड ओपन जिंकली, तेव्हा त्यांचे वय ४५ होते.

७. स्पर्धा का संपली

१९५७ ची स्पर्धा डिक मेयर यांनी जिंकली आणि ती शेवटची ठरली. मे आणि पीजीए यांच्यातील वाद विकोपाला गेला आणि मे यांनी टॅमवरील दोन्ही स्पर्धा बंद करून टाकल्या. तात्कालिक कारण हा वाद होता, पण त्याखाली आणखी तीन कारणे दिसतात.

पहिले, सर्व काही एका माणसावर उभे होते. मैदान, पैसा, कल्पना आणि निर्णय, चारही मे यांचे. त्यांचा उत्साह संपला की उरण्यासारखे काहीच नव्हते.

दुसरे, स्पर्धेचा हेतू जाहिरात हा होता. जाहिरातीचा खर्च धंद्याच्या सोयीने वाढतो आणि त्याच सोयीने थांबतोही.

तिसरे, काळ थोडा चुकला. दूरचित्रवाणीने खेळात पैसा आणला, पण तो नंतर. मे यांनी वाहिनीला पैसे मोजले. पुढच्या पिढीतील आयोजकांनी वाहिनीकडून पैसे घेतले.

पण पहिले कारण पुरेसे मानू नका, कारण त्याला उलटे उदाहरण आहे. मास्टर्स ही स्पर्धासुद्धा एका खासगी क्लबचीच. १९३४ मध्ये बॉबी जोन्स आणि क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी ती सुरू केली, तीही निमंत्रितांपुरती. ती आजही चालू आहे आणि जगातील चार प्रमुख स्पर्धांत मोजली जाते. फरक असा, की तिच्यामागे सभासदांचा क्लब होता. तो संस्थापकांनंतरही राहिला. शिवाय तिने खेळाडूंशी भांडण न करता मान जपला. मात्र त्याच मास्टर्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, उतरला तो १९७५ मध्ये. सिफर्ड यांना तेथे कधीच निमंत्रण मिळाले नाही. म्हणजे जी स्पर्धा टिकली, तिच्यात १९७५ पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू उतरला नव्हता. आणि जिने १९४२ मध्ये दार उघडले, तिचे नाव आज थोड्यांनाच आठवते.

८. मागे काय उरले

मे १९६२ मध्ये वारले. त्याच वर्षी ओहायोतील अक्रन येथे 'वर्ल्ड सिरीज ऑफ गोल्फ' सुरू झाली. चार प्रमुख स्पर्धांचे विजेते, दूरचित्रवाणीसाठी आखलेला ३६ होलचा खेळ आणि पहिले बक्षीस ५०,००० डॉलर. १९४६ चा आराखडा आणि १९५४ चा आकडा, दोन्ही तुम्हाला ओळखीचे वाटतील. पहिले विजेते होते जॅक निकलॉस. १९६८ मध्ये स्पर्धा खेळणारे व्यावसायिक पीजीएपासून वेगळे झाले आणि त्यांनी स्वतःची व्यवस्था उभारली. मैदानावर हुकूम कोणाचा, या जुन्या प्रश्नाला खेळाडूंनी दिलेले हे उत्तर होते.

टॅम ओ'शँटरच्या मैदानावर १९६४ आणि १९६५ मध्ये वेस्टर्न ओपन झाली. नंतर जमीन विकली गेली आणि तिच्या मोठ्या भागावर औद्योगिक वसाहत उभी राहिली. उरलेल्या भागात आज नऊ होलचे सार्वजनिक मैदान आहे.

९. सारांश

या बारा वर्षांतून आपल्याला तीन गोष्टी घेता येतात. एक, आकड्यांची यादी वाचताना ती कशाने बनली ते पाहावे. १९५२ ते १९५७ ची कमाईची यादी खेळाइतकीच एका व्यावसायिकाच्या जाहिरात-खर्चाविषयी सांगते. दोन, स्पर्धा बंद पडली तरी तिच्यातील कल्पना दुसऱ्यांच्या हाती जगल्या: कॅमेरा, मोठे बक्षीस, प्रेक्षकांसाठी मंच. तीन, एखाद्याच्या मर्जीने मिळालेली संधी आणि नियमाने मिळालेला हक्क यांत फरक आहे. पहिली लवकर मिळू शकते, म्हणून ती कमी लेखू नये. पण ती काढून घेतली गेली तर दाद मागायला जागा नसते.

१०. स्वाध्याय

(अ) पहिल्या तक्त्यातील प्रत्येक आकड्यातून टॅम ओ'शँटरचे बक्षीस वजा करा आणि नवा आलेख काढा. त्यात १९५८ चा आकडा कुठे बसतो?

(आ) १९५३ चा सर्वोत्तम खेळाडू ठरवण्यासाठी तुम्ही कोणते माप वापराल? त्या मापातही कोणती त्रुटी राहते?

(इ) तुमच्या महाविद्यालयातील किंवा गावातील एखादा उपक्रम निवडा. तो सुरू करणारी व्यक्ती उद्या नसेल, तर त्यातले काय टिकेल? ज्यांना त्यातून आज प्रवेश किंवा मदत मिळते, त्यांचा तो हक्क म्हणून कुठे लिहिलेला आहे का?